आभासी जगातील बिघाड : आधी शोध, मग दुरुस्ती

संगणकाच्या पडद्यावर एखादे गाव, किल्ला अथवा मंदिर उभे करावे आणि निरनिराळ्या संगणकांवर बसलेल्या अनेकांनी त्यात एकाच वेळी वावरावे, ही कल्पना आता नवलाची राहिलेली नाही. अशा जगास आभासी जग म्हणतात. मनोरंजनाचे साधन म्हणून ते प्रथम लोकांसमोर आले. परंतु मोजमाप, भूगोल, स्थानिक इतिहास आणि आज्ञालेखन या विषयांच्या अध्यापनातही त्याचा चांगला उपयोग होऊ शकतो. गोव्यातील शासकीय व अनुदानित शाळांत सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना आज्ञालेखन व यंत्रमानवशास्त्र शिकविण्याची योजना राज्य शासनाने २०२१ मध्ये हाती घेतली. या शिक्षणाची पुढची पायरी म्हणून आभासी जगाकडे पाहता येते.

साधन हाती आले म्हणजे त्यातील बिघाडही ओघानेच येतात. चार विद्यार्थ्यांना जगात प्रवेश मिळतो, पाचव्यास मिळत नाही. काल बांधलेली भिंत आज दिसत नाही. सर्व संगणक एकाएकी मंद चालू लागतात. अशा वेळी शिक्षक बहुधा आज्ञावली काढून टाकून पुन्हा बसवितात किंवा हाताला लागतील त्या फाइली पुसून पाहतात. बिघाड त्याने कधी दूर होतो, कधी वाढतो. पण तो का झाला हे मात्र कळत नाही. प्रस्तुत पाठाचा हेतू बिघाड शोधण्याची पद्धत समजावून देण्याचा आहे. तिचे सूत्र असे की, जे पडद्यावर दिसत नाही ते नष्ट झालेच असे नव्हे. आणि कारण न शोधता केलेला उपाय हाच पुष्कळदा खऱ्या हानीचे कारण ठरतो.

पूर्वपीठिका

अनेकांनी मिळून वावरण्याचे जग प्रथम चित्रांचे नव्हते, शब्दांचे होते. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये अशा जगाची रचना सुरू केली. त्यातील दालने, वाटा व वस्तू यांचे केवळ वर्णन पडद्यावर उमटे. पुढे संगणकांची चित्रांकनशक्ती वाढली. २००३ मध्ये अमेरिकेतील लिंडेन लॅब या संस्थेने ‘सेकंड लाइफ’ हे त्रिमितीय जग सर्वांसाठी खुले केले. त्यातील दर्शक आज्ञावलीचा मूळ मजकूर २००७ मध्ये जाहीर करण्यात आला आणि त्याच वर्षी ‘ओपनसिम्युलेटर’ या मुक्त प्रकल्पाचा आरंभ झाला. आपले जग आपल्याच संगणकावर चालविण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

शाळेच्या दृष्टीने अधिक सोयीची आज्ञावली म्हणजे ‘लुआंटी’ होय. फिनलंडमधील पेर्टू आहोला यांनी २०१० मध्ये ती ‘माइनटेस्ट’ या नावाने सुरू केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. ती विनामूल्य असून तिचा मूळ मजकूर कोणासही पाहता व बदलता येतो. तिच्यातील जग ठोकळ्यांचे बनलेले असते. एका ठोकळ्याची बाजू एक मीटर मानण्याचा प्रघात आहे. या जगाचा विस्तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ६२ हजार ठोकळे एवढा असतो. म्हणजे पेडणे व डिचोली हे दोन्ही तालुके खऱ्या मापाने त्यात सहज मावतील. प्रस्तुत पाठातील उदाहरणे मुख्यत्वे याच आज्ञावलीवरून घेतली आहेत.

चार कड्या

आभासी जगात वावरणाऱ्यास एकच चित्र दिसते. परंतु ते चित्र चार निरनिराळ्या कड्यांतून त्याच्यापर्यंत पोहोचलेले असते. बिघाड शोधावयाचा म्हणजे या चारांपैकी कोणती कडी दुबळी आहे हे ठरवावयाचे.

पहिली कडी म्हणजे विद्यार्थ्यासमोरील संगणक व त्यावरील दर्शक आज्ञावली. जगाचे चित्र काढणे आणि विद्यार्थ्याने दाबलेल्या कळी पुढे कळविणे एवढेच तिचे काम. दुसरी कडी म्हणजे संगणकांना जोडणारी वाट : वायर, स्विच, राउटर आणि जग बाहेरगावच्या संगणकावर असेल तर इंटरनेटची जोडणी. तिसरी कडी म्हणजे सर्व्हर. कोणता ठोकळा कोठे आहे, कोणास काय करण्याचा अधिकार आहे, याचा निर्णय तोच करतो. चौथी कडी म्हणजे साठा. जगाचा नकाशा, विद्यार्थ्यांची नावे व सामान आणि जगात भर घालणारे छोटे आज्ञासंच त्यात असतात. या आज्ञासंचांना ‘मॉड’ म्हणतात.

लुआंटीतील मॉडचे आज्ञालेखन सर्व्हरवर चालते. विद्यार्थ्याच्या संगणकाकडे केवळ ठोकळ्यांची माहिती, चित्रे व ध्वनी पाठविले जातात. म्हणून मॉड एकाच संगणकावर बसविला तरी तो सर्व वर्गास उपलब्ध होतो. याचा दुसरा अर्थ असा की, मॉडमध्ये दोष असेल तर तो विद्यार्थ्याच्या संगणकावर शोधून सापडणार नाही.

ग्रामीण भागातील शाळांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सेकंड लाइफसारखे जग दूरदेशीच्या संगणकांवर चालते. इंटरनेट तुटले की त्यातील वावर थांबतो. लुआंटीचे जग मात्र शाळेतील एका संगणकावर ठेवून इतर संगणक स्विचद्वारे त्यास जोडता येतात. आज्ञावली व मॉड एकदा उतरवून घेतल्यावर बाहेरील जोडणीची गरज राहत नाही. पावसाळ्यात बाहेरची जोडणी दिवसभर बंद पडली तरी वर्गाचे काम अडत नाही.

एक उदाहरण

पद्धत समजण्यासाठी एक कल्पित प्रसंग घ्यावा. डिचोली तालुक्यातील एका शाळेत आठवीच्या विद्यार्थ्यांनी नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वर मंदिराची प्रतिकृती लुआंटीच्या जगात उभारण्याचे योजिले. विषय सर्वार्थाने योग्य आहे. या देवतेचे मूळ स्थान दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत तेथील मंदिर उद्ध्वस्त झाले आणि देवता नदीपलीकडे नार्वे येथे आली. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मंदिराचा जीर्णोद्धार झाला. राज्य शासनाने केलेल्या नूतनीकरणानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ते भाविकांसाठी पुन्हा खुले करण्यात आले. अष्टकोनी बैठकीवरील घुमट, कौलारू उतरती छपरे आणि समोरची दीपमाळ ही त्याची वैशिष्ट्ये विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष जाऊन पाहता व मोजता येतात.

विद्यार्थ्यांनी दोरी व टेप घेऊन मापे घेतली. एक मीटरच्या ठोकळ्यात बारीक भाग दाखविता येत नाहीत, हे लक्षात आल्यावर त्यांनी एक ठोकळा म्हणजे अर्धा मीटर असे प्रमाण ठरविले. म्हणजे दहा मीटर लांबीची भिंत वीस ठोकळ्यांची झाली. कौले, जांभा दगड व दिव्यांचे कोनाडे यांसाठी एक मॉड वापरण्यात आला. दोन महिन्यांत काम पुरे होत आले. इतक्यात सर्व्हरचा जुना संगणक कुरकुर करू लागला, म्हणून शिक्षकांनी जगाचे फोल्डर नव्या संगणकावर नेले. सोमवारी वर्ग भरला तेव्हा घुमट, छपरे व दीपमाळ यांच्या जागी एकाच रूपाचे विचित्र ठोकळे दिसू लागले आणि त्यांवर ‘अपरिचित ठोकळा’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे होती.

विद्यार्थ्यांचा समज झाला की मंदिर मोडले. दोघांनी ते विचित्र ठोकळे काढून जागा साफ करण्यास आरंभही केला. शिक्षकांनी त्यांना थांबविले नसते, तर दोन महिन्यांचे काम त्या तासातच गेले असते. कारण मंदिर मोडलेले नव्हते. लुआंटीच्या नकाशात प्रत्येक ठिकाणी ठोकळ्याचे नाव लिहून ठेवलेले असते. त्या नावाचा ठोकळा कसा दिसावा हे मॉड सांगतो. नवीन संगणकावर जगाचे फोल्डर आले. पण मॉडचे फोल्डर वेगळ्या जागी असल्यामुळे ते जुन्या संगणकावरच राहिले. नावे नकाशात शाबूत होती, त्यांचा अर्थ सांगणारा मात्र हजर नव्हता. मॉड पूर्ववत जागी ठेवून सर्व्हर पुन्हा सुरू करताच राहिलेला घुमट व दीपमाळ जशीच्या तशी दिसू लागली. जे ठोकळे विद्यार्थ्यांनी काढले होते, तेवढेच परत आले नाहीत. बिघाडाने काहीही गेले नव्हते. जे गेले ते उपायाने गेले.

असाच प्रकार अन्य जगांतही आढळतो. सेकंड लाइफमध्ये पाहणाऱ्यास कित्येकदा आपले वा इतरांचे शरीर ढगासारखे दिसते, किंवा सामानाच्या यादीत वस्तू कमी भरतात. नवखा मनुष्य घाबरून आपल्या संगणकावरील तात्पुरता साठा पुसून टाकतो. वस्तुतः सामानाची नोंद सर्व्हरवर असते. यादी पुरती उतरलेली नसते इतकेच. साठा पुसल्यामुळे पूर्वी उतरलेली चित्रेही नव्याने आणावी लागतात आणि मंद जोडणीवर अडचण दुप्पट होते. साठा पुसणे हा उपाय चुकीचा नव्हे; परंतु तो पहिला उपाय नव्हे.

शोधाच्या पाच पायऱ्या

पहिली पायरी : हात आवरावा. बिघाड दिसताच सर्वांनी काम थांबवावे. सर्व्हर रीतसर बंद करून जगाच्या संपूर्ण फोल्डरची प्रत घ्यावी. सर्व्हर चालू असताना घेतलेली प्रत अपुरी असू शकते. ही प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवून तिला तारखेचे नाव द्यावे. यानंतर शोधाच्या भरात काही चूक झाली तरी मूळ स्थितीस परत येता येते.

दुसरी पायरी : लक्षण शब्दांत लिहावे. ‘संगणक चालत नाही’ हे लक्षण नव्हे. ‘सकाळी साडेनऊनंतर खिडकीकडील तीन संगणकांवरून जगात प्रवेश मिळत नाही, बाकीच्यांना मिळतो’ हे लक्षण होय. कोणास, कोठे, केव्हापासून आणि त्यापूर्वी काय बदलले, या चार प्रश्नांची उत्तरे वहीत नोंदवावीत. वरील उदाहरणात ‘शनिवारी सर्व्हर बदलला’ एवढी एक नोंद असती, तर अर्धा शोध तेथेच संपला असता.

तिसरी पायरी : बिघाड पुन्हा घडवून पाहावा. तीच कृती केली असता तोच दोष दर वेळी येतो की कधी कधी, हे तपासावे. दर वेळी येणारा दोष शोधण्यास सोपा. अधूनमधून येणारा दोष बहुधा वाटेत, विजेत किंवा उष्णतेत असतो.

चौथी पायरी : कड्यांची विभागणी करावी. प्रथम सर्व्हर असलेल्या संगणकावरूनच जगात प्रवेश करून पाहावा. तेथे दोष दिसला तर वाट व विद्यार्थ्यांचे संगणक निर्दोष समजण्यास हरकत नाही. शोध सर्व्हर व साठा यांपुरता उरतो. तेथे दोष नसेल तर वायरने जोडलेल्या शेजारच्या एका संगणकावरून पाहावे, मग दूरच्या. अशा रीतीने प्रत्येक चाचणीत संशयाचे क्षेत्र निम्म्यावर येते. विहिरीचा पंप चालतो पण नळास पाणी नाही, अशा वेळी नळ कोठे तुटला हे जसे टप्प्याटप्प्याने पाहतात, तशीच ही रीत आहे.

पाचवी पायरी : एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले आणि बिघाड गेला, तर कोणत्या बदलाने गेला हे कळत नाही. आणि बिघाड वाढला, तर कोणता बदल मागे घ्यावा हेही कळत नाही. बदल निष्फळ ठरल्यास तो पूर्ववत करून मगच पुढचा करावा.

या कामी लुआंटी स्वतः मोठे साहाय्य करते. ‘डीबग’ या नावाची एक मजकूर फाइल ती लिहीत असते. तिच्यात कोण केव्हा आला व गेला, कोणता मॉड सापडला नाही, कोणत्या मॉडच्या कितव्या ओळीत चूक झाली, याची वेळेसह नोंद होते. वर सांगितलेल्या प्रसंगात न सापडलेल्या मॉडचे नाव या फाइलीत लिहिलेले असणारच. ही नोंद इंग्रजीत असली तरी भिण्याचे कारण नाही. बिघाडाच्या वेळेजवळच्या ओळी काढून त्यांतील मॉडचे व फाइलीचे नाव तेवढे ओळखता आले तरी निम्मे काम होते.

नेहमी आढळणारे बिघाड

एकाही संगणकावरून प्रवेश मिळत नाही, पण सर्व्हरच्या संगणकावर जग सुरळीत चालते : अशा वेळी सर्व्हरच्या संगणकातील संरक्षक भिंत म्हणजे फायरवॉल वाट अडवीत असल्याचा संभव असतो. लुआंटी सामान्यतः ३०००० क्रमांकाच्या द्वारातून यूडीपी पद्धतीने संदेश देते-घेते. त्या द्वारास परवानगी द्यावी. संरक्षक भिंत सर्वस्वी बंद करून ठेवू नये. सर्व्हरच्या संगणकाचा पत्ता बदलला आहे काय, हेही पाहावे. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर संगणकांना नवे पत्ते मिळू शकतात. सर्व्हरला कायमचा पत्ता नेमून दिल्यास ही अडचण उरत नाही.

काही संगणकांना प्रवेश मिळतो, काहींना नाही : आज्ञावलीची आवृत्ती तपासावी. २०१९ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून त्यापूर्वीच्या आवृत्त्यांशी मेळ राहिलेला नाही. सर्व संगणकांवर एकच आवृत्ती असणे उत्तम. आवृत्ती एकच असल्यास त्या संगणकांची वायर व स्विचमधील जागा बदलून पाहावी.

प्रथम प्रवेशास फार वेळ लागतो : हा बहुधा बिघाड नसतो. पहिल्या वेळी सर्व्हरकडून चित्रे व ध्वनी उतरवून घेतले जातात. ते तात्पुरत्या साठ्यात राहत असल्याने पुढच्या वेळी प्रवेश लवकर होतो. वीस संगणक एकदम सुरू न करता चार-चार करून सुरू करावेत.

एकच संगणक मंद चालतो : दोष त्या संगणकाच्या चित्रांकनशक्तीत आहे. ‘एफ ५’ ही कळ दाबली असता पडद्यावर दर सेकंदास किती चित्रे काढली जातात व आपण जगात कोठे आहोत हे आकडे उमटतात. दृष्टीची मर्यादा मुळात १९० ठोकळे असते. ती वजा चिन्हाच्या कळीने ५० ते ६० पर्यंत उतरविल्यास जुना संगणकही पुष्कळदा समाधानकारक चालतो.

सर्व संगणक एकाच वेळी मंद होतात : चित्रे भराभर निघत असूनही काढलेला ठोकळा क्षणभर परत दिसतो, दार उशिराने उघडते, अशी लक्षणे असतील तर सर्व्हरवर भार पडला आहे असे समजावे. एखादा मॉड अखंड हिशेब करीत असतो, अथवा अनेक विद्यार्थी नव्या प्रदेशात एकदम पांगलेले असतात. न पाहिलेला प्रदेश सर्व्हरला नव्याने रचावा लागतो, म्हणून भार वाढतो. विद्यार्थ्यांना एका ठिकाणी बोलावून भार उतरतो काय ते पाहावे. न उतरल्यास मॉड एकेक करून बंद करावेत. अर्थात हा प्रयोग मूळ जगावर न करता प्रतीवर करावा, हे वरील उदाहरणावरून ध्यानी येईल.

वीज गेल्यामुळे सर्व्हर अचानक बंद पडला : नकाशातील बदल साधारणतः दर पाच सेकंदांनी साठ्यात लिहिले जातात. त्यामुळे सहसा शेवटच्या काही क्षणांचेच काम जाते. तथापि अचानक बंद पडण्याने संगणकाच्या तबकडीस अपाय होऊ शकतो; म्हणून सर्व संगणकांना नाही तरी सर्व्हरच्या एका संगणकास यूपीएस अवश्य असावा.

नवा मॉड बसविल्यावर जुने ठोकळे अपरिचित झाले : मॉडच्या नव्या आवृत्तीत ठोकळ्याचे नाव बदलले असल्याचा हा पुरावा होय. जुन्या नावास नव्या नावाचे पर्यायी नाव म्हणून नोंदविण्याची सोय लुआंटीत आहे. एका ओळीच्या आज्ञेने शेकडो ठोकळे पूर्ववत होतात.

अन्वेषण : मोडण्याचे भय न बाळगता शिकणे

बिघाडाचा शोध आणि नव्या गोष्टींचे अन्वेषण ही एकाच पद्धतीची दोन अंगे आहेत. बिघाडात ‘असे का झाले’ असा प्रश्न असतो. अन्वेषणात ‘असे केले तर काय होईल’ असा. दोहोंस सुरक्षित प्रत, एका वेळी एक बदल आणि लेखी नोंद ही तिन्ही पथ्ये लागू आहेत. वर्गात यासाठी दोन जगे ठेवावीत : एक कामाचे आणि एक प्रयोगाचे. प्रयोगाच्या जगात विद्यार्थ्यांना पूर्ण मोकळीक असावी. तेथे मोडतोड झाली तरी ती शिक्षणाचाच भाग समजावी.

पहिला प्रयोग दृष्टीच्या मर्यादेचा. ती ४०, ८०, १२० व १६० ठोकळे ठेवून प्रत्येक वेळी ‘एफ ५’ ने दिसणारा चित्रांचा आकडा लिहावा आणि आलेख काढावा. दृष्टी दुप्पट झाली म्हणजे ठोकळे दुपटीहून कितीतरी अधिक हिशेबात घ्यावे लागतात, हे विद्यार्थ्यांच्या आपोआप ध्यानी येते. नकाशा १६ ठोकळे लांब, रुंद व उंच अशा खंडांत साठविला जातो. अशा एका खंडात ४,०९६ ठोकळे असतात. घनफळाचा पाठ येथे प्रत्यक्ष दिसतो.

दुसरा प्रयोग बीजाचा. जग निर्माण करताना एक बीजसंख्या देता येते. दोन संगणकांवर एकच आवृत्ती, एकच रचनापद्धती व एकच बीज देऊन दोन जगे निर्माण करावीत. डोंगर, नद्या व किनारे दोहोंत सारखेच निघतात. भूमी आधी रचून ठेवलेली नसून सूत्रावरून गरजेनुसार तयार होते, हे यावरून कळते.

तिसरा प्रयोग छोट्या मॉडचा. यासाठी एक फोल्डर व त्यात दोन मजकूर फाइली पुरेशा होतात : एकीत मॉडचे नाव, दुसरीत लुआ भाषेतील आज्ञा. जांभा दगडाचा एक नवा ठोकळा बनविण्यास मोजक्या ओळी लागतात. तो चालू झाल्यावर शिक्षकांनी मुद्दाम एक स्वल्पविराम किंवा कंस गाळावा आणि ‘डीबग’ फाइलीतील नोंदीवरून चूक शोधण्यास सांगावे. जाणून केलेली चूक शोधण्याचा सराव झाला म्हणजे नकळत झालेल्या चुकीने विद्यार्थी गांगरत नाही.

पेडणे तालुक्यातील शाळांना तेरेखोलचा किल्ला हा असाच योग्य विषय आहे. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर असल्याने तो उर्वरित तालुक्यापासून नदीने विलग झालेला आहे आणि १७४६ मध्ये तो पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. नदीचे मुख, दोन तीर व उंचवट्यावरील तटबंदी ठोकळ्यांत मांडताना किल्ल्याची जागा तेथेच का निवडली, हा इतिहासाचा प्रश्न भूगोलाच्या साहाय्याने सुटतो.

व्यवस्थापनाची पथ्ये

मॉड जगाच्या फोल्डरातच ‘वर्ल्डमॉड्स’ या नावाच्या उपफोल्डरात ठेवता येतात. तसे केल्यास जगाची प्रत घेताना मॉडही बरोबर येतात आणि वर वर्णिलेला प्रसंग सहसा उद्भवत नाही. ज्या मूळ खेळसंचावर जग आधारलेले आहे, त्याची प्रत मात्र वेगळी घ्यावी. दर शुक्रवारी वर्ग सुटताना सर्व्हर बंद करून प्रत घ्यावी आणि किमान तीन आठवड्यांच्या प्रती राखाव्यात. महिन्यातून एकदा जुनी प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

विद्यार्थ्यांना आवश्यक तेवढेच अधिकार द्यावेत. ठोकळे ठेवणे-काढणे व संवाद करणे हे अधिकार सर्वांना असतात. अधिकार वाटण्याचा अधिकार शिक्षकांकडेच ठेवावा. जग शाळेबाहेरील लोकांस खुले करू नये. विद्यार्थ्यांनी जगात स्वतःचे पूर्ण नाव न घालता हजेरी क्रमांक किंवा गटाचे नाव घ्यावे. फलकांवर देवनागरी मजकूर लिहावयाचा असल्यास जोडाक्षरे नीट उमटतात की नाही, हे आधी एका फलकावर पाहून मगच पुढे जावे.

समारोप

संगणक कक्षातील बिघाड हा वेळेचा अपव्यय आहे असे मानण्याची प्रवृत्ती असते. वस्तुतः निरीक्षण, नोंद, तर्क आणि पडताळा यांचा जिवंत पाठ बिघाडाइतका दुसऱ्या कशाने क्वचितच मिळतो. आज घुमटाच्या जागी अपरिचित ठोकळे पाहून ज्या विद्यार्थ्याने हात आवरला व आधी कारण विचारले, तो उद्या शेतीपंप, दुचाकी किंवा कारखान्यातील यंत्र यांच्यापुढेही तसाच उभा राहील. ही सवय लावणे शिक्षकांच्या हाती आहे, आणि तिच्यासाठी एक वही, एक सुरक्षित प्रत व थोडा धीर यांहून अधिक सामग्री लागत नाही.

स्वाध्याय

१. आभासी जगाच्या चार कड्या सांगून प्रत्येकीत संभवणारा एक बिघाड लिहा.

२. सर्व्हरच्या संगणकावर जग सुरळीत चालते, परंतु वर्गातील कोणासही प्रवेश मिळत नाही. कोणत्या क्रमाने तपासणी कराल?

३. ‘अपरिचित ठोकळा’ दिसल्यास तो लगेच का काढू नये, हे नकाशा व मॉड यांच्या संबंधावरून स्पष्ट करा.

४. आपल्या गावातील एखाद्या वास्तूची मापे घ्या आणि अर्ध्या मीटरचा ठोकळा मानून तिला किती लांब, रुंद व उंच ठोकळे लागतील याचे कोष्टक तयार करा.

५. आपल्या संगणक कक्षात गेल्या महिन्यात आलेला एक बिघाड घेऊन पाच पायऱ्यांप्रमाणे त्याची नोंद लिहा.